मागच्या गेटचा अर्ज

गेट बंद झालं ते माझ्या अर्जामुळे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे वाचताना तुम्ही डेपोच्या साहेबांना नावं ठेवत बसाल, आणि त्यातली निम्मी माझ्या वाट्याची आहेत.

माझं दुकान भिंगारात, एका लष्करी डेपोच्या मागच्या भिंतीलगत बोळ आहे त्यात. झेरॉक्स, लॅमिनेशन, टायपिंग, अर्ज लिहून मिळतील. भिंतीपलीकडे डेपोच्या सिव्हिलियन कामगारांची क्वार्टरं. त्यांना सगळे लाइनी म्हणतात. भिंतीत एक लहानसं लोखंडी गेट. लाइनीतल्या माणसांचं दळण, दूध, शाळा सगळं त्या गेटानेच. बोळाच्या एका टोकाला गेट, दुसऱ्या टोकाला शाळा आणि मधोमध मी. गेटापासून शाळेपर्यंत मोठ्या माणसाची दोनशे पावलं भरतील.

सुकन्याची किती भरतात ते तिलाच ठाऊक. ती नववीत आहे. डावा पाय जन्मापासून अधू. पायाला कॅलिपर आणि काखेत एक कुबडी. सहावीपर्यंत आजी शाळेत सोडायला यायची. सातवीच्या पहिल्या दिवशी सुकन्याने आजीला गेटाशीच परत फिरवलं. तेव्हापासून रोज पावणेअकराला ती एकटी येते आणि माझ्या दुकानावरून जाताना शटरच्या पट्टीवर कुबडीचा एक टोला हाणते.

"मावशी, झोपलात का?"

"शटर तुझ्या बापाचं आहे का गं?"

"बापाच्या शटरला पण हाणते."

एवढं बोलून पुढे. मी रोज चिडते. रविवारी शटर वाजत नाही तेव्हा मला सकाळ झाल्यासारखं वाटत नाही, पण हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. डोक्यावर बसेल.

तर दिवाळी झाल्यावर तिची आजी दुकानात आली. लंकाबाई. मूळच्या पाथर्डीकडच्या, मुलगा बजरंग डेपोत लागला तशा त्याच्याबरोबर लाइनीत आल्या. माझं नाव ज्ञानेश्वरी, पण लाइनीत मला त्या नावाने कुणी हाक मारत नाही. सगळ्यांची मी माऊली. अर्ज लिहून घ्यायचा असला की ही माया जास्तच उफाळून येते.

"माऊली, गेटाचा अर्ज लिव्ह बाई. गेट खाली बसलंय. उचलल्याबिगर सरकत न्हाई. पोरीच्या एका हातात कुबडी, गेट कोन्च्या हातानं उचलायचं तिनं? आन् ती पायरी! दोनदा पडली. गुडघा फुटला."

"बरं. मग साहेबांना काय करायला सांगू?"

लंकाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी देवालाच वाट सांगायला निघाले होते.

"सायबाला आपन काय सांगायचं? आपन आपलं दुखनं सांगायचं. पुढचं त्येंला कळतंय."

मला ते पटलं. एकोणीस वर्षं मी तेच तर करत आले होते.

माझं शिक्षण दहावी. इंग्रजी मी झेरॉक्सच्या मशीनवर शिकले. कागद काचेवर पालथा घालायच्या आधी वाचायचा, अडलेला शब्द वहीत उतरवायचा आणि कुणी शिकलेलं गिऱ्हाईक आलं की विचारायचं. पहिल्याच वर्षी एका रिटायर्ड सुभेदारांच्या पत्राच्या शेवटी मला ते वाक्य भेटलं. काइंडली डू द नीडफुल. मी विचारलं, सुभेदारसाहेब, ह्याचा अर्थ काय हो? ते चष्मा पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "बाई, सगळं आलं त्यात."

सगळं आलं! चार शब्दांत! मी हरखून गेले. ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर गेलं. पुढे कॉम्प्युटर घेतला तेव्हा मी अर्जाचा एक साचाच बनवून ठेवला. वर रिस्पेक्टेड सर, तळाला थँकिंग यू, त्याच्या डोक्यावर नीडफुल. मधल्या मोकळ्या जागेत ज्याचं त्याचं दुखणं भरायचं. गिऱ्हाइकांनाही ते वाक्य आवडायचं. अर्थ कुणाला माहीत नव्हता, पण वाचून दाखवताना ते आलं नाही तर "माऊली, शेवटचं राहिलं की" म्हणून आठवण करायचे. आरती झाली आणि प्रसादच दिला नाही, तसं त्यांना वाटायचं.

लंकाबाईंचा अर्ज मी त्याच साच्यात घातला आणि सह्या घ्यायला त्यांच्या हातात दिला. इथे खरी गंमत सुरू झाली. आमच्याकडे कुणाचा अर्ज निघाला की त्यात सगळे बसतात, टेम्पो तालुक्याला निघाल्यावर बसतात तसे. दोन दिवसांनी लंकाबाई सह्या घेऊन आल्या आणि शिवाय यादी घेऊन.

"रंगुबाईचं म्हननं, गेटातून रातची कुत्री आत येत्यात. ते घाल."

"घालते."

"सहादेवच्या दारातनं सायकल गेली. चोर त्याच गेटानं आला आसंल. आन् वाल्मिकच्या वाफ्यातली मेथी शेरडांनी खाल्ली, ती बी बोळातनंच आली. आन् सांच्याला पिनारे पायरीवर बसत्यात."

"लंकाबाई, अर्ज सुकन्याचा आहे ना?"

"हाय की. पन लोकांनी सह्या दिल्या, मग त्येंचं नको का घालायला? येकट्याचा अर्ज बरा दिसत न्हाई. आपलंच पुढं पुढं केल्यावानी." मग जरा थांबून म्हणाल्या, "आन् आपलं शेवटी घाल. वाढताना घरचं मानूस शेवटी बसतं."

मी घातलं. पहिला परिच्छेद कुत्री. दुसरा सायकल. तिसरा शेळ्या आणि मेथी. चौथा पिणारे. पाचवा: गेट मोडकळीला आलेलं असून तिथे एक दिव्यांग मुलगी दोनदा पडून जखमी झालेली आहे. काइंडली डू द नीडफुल. थँकिंग यू. खाली एकवीस सह्या आणि तीन अंगठे. वाचताना मलाच भरून आलं. असा भरगच्च अर्ज माझ्या हातून बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, दोन माणसं हातगाडीवर वेल्डिंगचं मशीन घेऊन बोळात आली. मशीनला लाइट कुठून घ्यायची, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, अहो घ्या की, गेटाचंच काम ना? मीच त्यांना माझ्या दुकानातला प्लग दिला. दोनदा माझा फ्यूज उडाला, दोनदा मी बसवला. वर चहा पाजला. दुपारी गिऱ्हाइकं आटपल्यावर मोठ्या हौसेने काम बघायला गेले, तर गेटावर आडवे तीन लोखंडी अँगल मारलेले आणि कडेने सगळीकडून वेल्डिंग. मुंगी आत गेली असती, माणूस नाही.

"अहो, हे काय केलंत?"

"बंद करायची ऑर्डर आहे," त्यातला एक म्हणाला आणि चहाचा ग्लास मला परत दिला.

तीन दिवसांनी लंकाबाई पत्र घेऊन आल्या. येताना मेन गेटाने, हायवेच्या कडेने, सगळा वळसा घालून. घामाने डबडबल्या होत्या.

"वाच. काय म्हनतोय सायेब?"

मी वाचलं. एकच ओळ होती. आपल्या अर्जास अनुसरून कळवण्यात येते की, द नीडफुल हॅज बीन डन.

"म्हंजी?"

"म्हणजे, जे करायला पाहिजे होतं ते केलं आहे, असं म्हणतात."

लंकाबाई खुर्चीत बसल्या. पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "त्येंला कुनी सांगितलं आसं करायला?"

मला उत्तर माहीत होतं. मी पाणी आणायला आत गेले.

आता सुकन्याचं ऐका. मेन गेटाने शाळा पडते अडीच किलोमीटर, त्यात हायवे ओलांडायचा. ट्रक तिथे कुणासाठी थांबत नाहीत. कुबडी आहे म्हणून तर नाहीच नाही. बजरंग तिला मोटारसायकलवरून सोडायला लागला. पण त्याची ड्युटी आठची आणि शाळा अकराची. म्हणजे पोरगी पावणेआठपासून बंद शाळेच्या पायरीवर बसून. संध्याकाळी शाळा सुटली की पुन्हा तो येईपर्यंत बसून. मी दोन दिवस तिला हाक मारली, दुकानात येऊन बस म्हटलं. आली नाही. चार दिवस असं झालं आणि पाचव्या दिवशी ती आलीच नाही.

आठवडा गेला तशी मी दुकान अर्धं ओढून, मेन गेटाने वळसा घालून लाइनीत गेले. सुकन्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. कॅलिपर काढून भिंतीला टेकवून ठेवला होता. तो तसा दिवसा काढून ठेवलेला मी पहिल्यांदाच बघितला.

"शाळा का बुडवतेस गं?"

"बुडवत नाही. सोडली."

"सोडली म्हणे! पायात बेडी घातलीय का कुणी?"

"तुम्हीच घातलीत," ती म्हणाली. शेंगा फोडायचं थांबली नाही. "पप्पा उचलून गाडीवर बसवतात, उचलून उतरवतात. सगळी बघतात. मी काय गॅसची टाकी आहे का?"

मीही दोन शेंगा उचलून फोडायला घेतल्या.

"मावशी, अर्जात माझ्याबद्दल काय लिहिलं होतं?"

"तू दोनदा पडलीस, असं लिहिलं होतं."

"मी पडले ते त्यांना कळलं. मला तिथून जायचंय, ते कुठे लिहिलं होतं?"

मी म्हटलं, ते त्यात आलंच की. आणि म्हणता म्हणता मला सुभेदारांचा चष्मा आठवला.

दुसऱ्या दिवशी मी डेपोच्या ऑफिसात गेले. मेन गेटावर पास करायला पाऊण तास, आत साहेब मीटिंगमध्ये, आणि मीटिंगच्या बाहेर मच्छिंद्र क्लार्क. हा कोल्हारचा, ह्याच्या पोराचे सगळे दाखले माझ्याच मशीनमधून निघालेले.

"या मॅडम. गेट झालं ना तुमचं?"

"झालं? मच्छिंद्र, गेट मारून टाकलंत तुम्ही!"

"तुमीच मागितलं ना?" त्याने फाईल काढली आणि माझा अर्ज माझ्यासमोर उलगडला. "हे बघा. पॅरा एक, कुत्री येतात. दोन, चोर येतो. तीन, शेळ्या. चार, दारुडे. पाच, गेट मोडकं हाय, पोरगी पडती. खाली, काइंडली डू द नीडफुल. सायबांनी दोनदा वाचला. मला म्हनले, ये गेट है या मुसीबत है? बंद करो. ह्यात उघडं ठेवा असं कुठं लिव्हलंय, दाखवा मला."

मी वरून खालपर्यंत वाचला. खालून वर वाचला. अक्षर न् अक्षर माझं. कुठेही नव्हतं.

"अहो पण कळत नाही का? पोरगी पडते म्हणजे तिला ते गेट लागतं म्हणूनच पडते ना? भिंतीवर जाऊन कोण पडतं?"

"मला कळतंय की. मी इथलाच हाय." त्याने आवाज खाली आणला. "सायेब चार महिन्यांपूर्वी आलेत. त्येंनी ते गेट पाह्यलेलं बी न्हाई. त्येंच्यापुढं फक्त हा कागद."

"मग आता?"

"आता फाईल क्लोज. नवा अर्ज करा. अन् मॅडम, राग मानू नका," तो फाईल बांधता बांधता म्हणाला, "एक मानूस, एक मागनी. पंगत आनू नका."

त्या दुपारी मी दुकानात गिऱ्हाईक घेतलं नाही. कॉम्प्युटरमध्ये जुने अर्ज उघडून बसले. नुसता नीडफुल शब्द शोधायला सांगितला तर यादी खाली खाली सरकतच राहिली. एका कामगाराने आईच्या ऑपरेशनचं दीड पान लिहवून घेतलं होतं. डॉक्टरांचं नाव, टाके किती, सगळं. रजा पाहिजे, हे त्यात नव्हतं. एका बाईंच्या नळाला पाणी येत नव्हतं की घाण येत होतं, की नळच नव्हता, अर्ज तीनदा वाचूनही मला कळेना, आणि तो मीच लिहिलेला. एकाने दुसरीकडे बदली मागितली होती की झालेली बदली थांबवायची होती, देव जाणे. प्रत्येकाच्या खाली तेच चार शब्द, नेटके, ठळक. ह्यातल्या कुणाचं काम झालं आणि कुणाचं नाही, ते मी कधी विचारलं नव्हतं. परत आले नाहीत म्हणजे झालं असेल, असं धरून चालले होते. मला त्या मशीनला एक लाथ घालावीशी वाटली. पण हप्ते फिटून ते आता माझंच होतं.

संध्याकाळी पुन्हा वळसा घालून लाइनीत. या वेळी सुकन्याला म्हटलं, "चल ऊठ. कॅलिपर चढव. अर्ज तू सांगायचा, मी टाईप करते."

"कशाला? परत नीडफुल करायला?"

"जास्त बोलू नकोस. चल."

बजरंगने रिक्षा बोलावली, पण त्याचा जीव खालीवर. "माऊली, नोकरीत हाय मी. आधीच एक अर्ज गेला लाइनीतनं. आता परत उघडा म्हनायचं? सायेब म्हनंल, ह्यो कोन लागून गेला."

"अर्ज तुझा नाही, तिचा आहे. तू रिक्षात बस गप."

दुकानात सुकन्या माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली. लंकाबाई खुर्चीत, बजरंग दारात, कुणी बघत नाही ना बघत. मी साचा उघडला नाही. कोरं पान घेतलं. रिस्पेक्टेड सर लिहिलं.

"हं. सांग."

"मागचं गेट कापून उघडायचं."

"एक."

"एका हाताने सरकलं पाहिजे. माझा दुसरा हात मोकळा नसतो."

"दोन."

"पायरी नऊ इंच आहे. साडेचार करायची."

माझे हात थांबले. "साडेचारच कशावरून?"

"तुमच्या दुकानाची साडेचार आहे. मला चढता येते. शाळेच्या व्हरांड्याची सहा, तिथे खांब धरावा लागतो. किराणावाल्याची आठ, म्हणून मी बाहेरूनच ओरडते." तिने खांदे उडवले. "मला सगळ्यांच्या माहीत आहेत."

पाच वर्षं ही पोरगी माझ्या दुकानावरून जातेय आणि माझ्या पायरीची उंची तिने मोजलीय, मी नाही. मी खाली मान घालून टाईप केलं. फोर अँड हाफ इंचेस.

"चार?"

"रात्री आठनंतर कुलूप लावलं तरी चालेल. सकाळी सहाला उघडायचं. म्हणजे रंगुबाईंची कुत्री पण येणार नाहीत." मग म्हणाली, "आणि शेवटी लिहा, मी ह्या गेटाने एकटी शाळेत जाते. गेट उघडलं की परत जाईन."

लंकाबाईंचा धीर सुटला. "आगं माझे बाई! आसं कुठं लिव्हत्यात का? ह्ये करा न् ते करा! हुकूम सोडल्यावानी! माऊली, तू तरी सांग तिला. जरा दुखनं घाल की पायाचं, लहानपनचं. आई न्हाई ते घाल."

"आज्जी, आई नाही त्याचा गेटाशी काय संबंध?" सुकन्या म्हणाली.

"दया येती गं मान्साला."

"मागच्या वेळी आली होती ना दया? कसं वेल्डिंग करून गेली."

दारातून बजरंग हसला. पहिल्यांदाच. मग पटकन गंभीर झाला आणि म्हणाला, "पन सायबाला इंच सांगायचे म्हंजी..."

मी शेवटची ओळ टाईप करून मान वर केली आणि पाहते तर माझ्या बोटांनी मला न विचारता खाली काइंडली डू द नी एवढं लिहून ठेवलं होतं. एकोणीस वर्षांची सवय. एकेक अक्षर मागे जाऊन पुसलं. पुसल्यावर अर्ज कसातरीच दिसायला लागला, डोक्यावरचा पदर पडल्यासारखा. लंकाबाईंना इंग्रजी येत नाही, पण कागद हातात घेतल्यावर त्यांनीही ओळखलं. "शेवटचं राह्यलं की गं."

"राहिलं नाही. काढलं."

"आन् सह्या?"

"एकच," सुकन्या म्हणाली आणि सही केली. चांगली लांबलचक, खाली रेघ ओढून.

अर्ज द्यायला तीच गेली, मला बरोबर घेऊन. ऑफिसच्या पायरीशी थांबून म्हणाली, सात. मी हात पुढे केला, तर "राहू द्या, कठडा आहे." मच्छिंद्रने अर्ज वाचला. पान उलटून मागे बघितलं.

"खाली काही राह्यलंय का मॅडम?"

"नाही."

"सायेब म्हनतील, लई डायरेक्ट हाय."

"दोनदा सर म्हटलंय की काका," सुकन्या म्हणाली. "अजून एकदा घालू का?"

त्याने शिक्का मारला. इतक्या जोरात की टेबलावरचा चहा हलला.

मग वाट बघणं. मला वाटत होतं चूक केली. साचा निदान निरुपद्रवी तरी होता. हे तर नाव घालून, इंच घालून मागितलेलं. साहेबाला राग आला तर बजरंगला त्रास. लंकाबाई रोज फोन करून विचारायच्या, "आलं का काही?" आणि मी रोज सांगायचे की आलं तर तुमच्याच घरी येईल, मला कशाला येईल. सुकन्या घरीच होती. तिच्या वर्गातली मुलगी माझ्याकडे वह्यांची पानं झेरॉक्स करून लाइनीत पाठवायची. शाळा सोडली म्हणणारी पोरगी त्यावर पेनाने खुणा करून परत पाठवायची: पान चौदा पुसट आहे, पुन्हा काढा. पुन्हा काढा म्हणे. मी पुन्हा काढायचे.

बाराव्या दिवशी एक ओव्हरसियर बोळात आला. हातात टेप. गेटाच्या पायरीचं माप घेतलं, मग इकडेतिकडे बघत माझ्या दुकानाशी आला.

"साडेचार इंच कुणी लिहिलंय?"

मी मशीन बंद केलं. "का हो?"

"नाही, पायरीपुढे वीट आडव्या कडेवर लावली की मधली पायरी बरोब्बर साडेचार बसते. फोडाफोडी नको. लाइनीत कुणी इंजिनियर राहतो का?"

"नववीत आहे," मी म्हटलं.

दोन दिवसांनी तीच दोन माणसं तीच हातगाडी घेऊन आली. मशीन दुसरं होतं, पण ह्या वेळी माझा विश्वास उडालेला.

"मॅडम, जरा लाइट द्या."

"आधी सांगा, कापणार आहात की जोडणार?"

"कापायची ऑर्डर आहे."

"लेखी दाखवा."

त्याने खरंच दाखवली. मी सगळी वाचली, तळापर्यंत, आणि मगच प्लग दिला. चहा काम झाल्यावर दिला.

साहेबांचं पत्र मागाहून आलं. लंकाबाई ते घेऊन नव्या गेटातून, नव्या पायरीवरून आल्या आणि येताना गेट तीन वेळा एका हाताने सरकवून बघितलं, असं त्यांनीच मला सांगितलं. पत्रात आकडे होते. मागणी एक, दोन आणि तीनप्रमाणे काम पूर्ण. मागणी चार अमान्य. सुरक्षेच्या कारणास्तव गेट रात्री आठऐवजी सातला बंद होईल.

"म्हंजी एक न्हाईच दिली," लंकाबाई हळहळल्या. "तरी म्हनत हुते, जरा दुखनं घाल."

सुकन्या मागून आलीच होती. तिने पत्र घेतलं, वाचलं, घडी घालून दप्तरात ठेवलं. "राहू दे आज्जी. नाही म्हणाले, पण कशाला नाही म्हणाले ते तरी कळलं."

त्या रात्री मी तो साचा उघडला. नीडफुलची ओळ काढली आणि तिच्या जागी एक रिकामी ओळ सोडली. आता कुणी अर्जाला आलं की मी त्या रिकाम्या ओळीकडे बोट दाखवून विचारते, नेमकं काय पाहिजे? लोक वैतागतात. सहादेव परवा अर्धा तास सायकलीचं सांगत बसला. पाहिजे काय, तर ते त्याला घरी जाऊन विचारायचं होतं. वाल्मिक म्हणाला, माऊली, पूर्वी तुमचा अर्ज लई भारी असायचा. त्याची मेथी शेळ्यांनी पुन्हा खाल्लीय आणि त्याचं खापर तो माझ्यावर फोडतो.

गेट उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी पावणेअकराला मुद्दाम आत, मशीनपाशी काम काढून बसले. म्हटलं, वाजायचं तर वाजेल. पावणेअकरा झाले. दहा मिनिटं वर झाली. मी एकच पान चारदा झेरॉक्स केलं. मग टोला बसला, एवढा की पट्टीला पोचा आला. तो अजून आहे.

"मावशी, झोपलात का?"

"शटर मोडशील का आता?"

ती पुढे गेली नाही. कुबडी टेकून आत आली, दप्तरातून वहीचं एक पान काढून माझ्यासमोर ठेवलं. वर लिहिलं होतं: मुख्याध्यापकांस. खाली एकच ओळ.

"शाळेत मुलींच्या संडासाची पायरी आहे. तिचा अर्ज. हा मराठीतच करा, आमच्या सरांना कळतं." दाराशी जाऊन ती वळली. "शाळा सुटताना नेते. आणि आज्जीला सांगू नका, ती सगळ्या वर्गाच्या सह्या आणेल."

मी कोरं पान उघडलं.

"किती इंच गं?" मी मागून ओरडले.

"लिहिलंय की!" ती बोळातून म्हणाली. "वाचा ना जरा!"